मिरिच देश आणि मिरचीचे रान

१९८२ सालच्या ऑगस्ट महिन्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २४ ऑगस्टला भारत आणि मॉरिशस या दोन देशांनी दुहेरी कर टाळण्यासंबंधीच्या करारावर सह्या केल्या. २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध आहे असे त्या वेळी कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. एक होती परराष्ट्र व्यवहारातील, दुसरी महसुली कारभारातील. परंतु चार दशकांनंतर मागे वळून पाहिले, तर या देशाच्या राज्यकर्त्यांनी भांडवलाशी काय नाते जोडले आणि श्रमिकाशी काय, याचा हिशेब या दोन तारखांपासून मांडता येतो.

मॉरिशस हे हिंदी महासागरातील, आफ्रिकेच्या पूर्वेचे एक लहान राष्ट्र. त्याचे क्षेत्रफळ अवघे दोन हजार चौरस किलोमीटर. गडचिरोली जिल्हा त्याच्या सातपट मोठा आहे. लोकसंख्या मात्र जवळपास सारखी. मॉरिशसची सुमारे साडेबारा लाख, तर गडचिरोलीची २०११ च्या जनगणनेनुसार पावणेअकरा लाखांच्या आसपास. या लहानशा राष्ट्राशी असलेल्या नात्याचे भारत सरकारला मोठे अगत्य आहे. पंतप्रधान २०१५ साली तेथील राष्ट्रीय दिनाचे प्रमुख पाहुणे होते, २०२५ साली पुन्हा होते. २०२४ साली तो मान राष्ट्रपतींना मिळाला. दर वेळी रक्ताचे नाते, गिरमिटियांचे कष्ट, पूर्वजांची पुण्याई यांचा उच्चार होतो. हा उच्चार खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न इतकाच, की ज्या श्रमिकांच्या वंशजांना दिल्लीश्वर आज मिठी मारतात, त्या श्रमिकांसारखेच आयुष्य जगणाऱ्या देशातल्या देशातील माणसांकडे पाहायला त्यांना सवड का नाही?

डोंगरातील माणसे आणि समुद्रापारचा ऊस

मॉरिशसचे नाते कसे जुळले, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येऊ लागली, तेव्हा मॉरिशसच्या साखर मळेवाल्यांना स्वस्त मजुरांची विवंचना पडली. १० सप्टेंबर १८३४ रोजी कलकत्त्यात छत्तीस मजुरांशी एका इंग्रज व्यापारी पेढीने करार केला आणि २ नोव्हेंबरला 'अॅटलस' नावाच्या जहाजाने ते मॉरिशसला उतरले. हे छत्तीस जण कोण होते? त्या काळच्या कागदपत्रांत त्यांना 'डोंगरी कुली' म्हटले आहे. ते छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातील आदिवासी होते. त्या भागातील उरांव लोकांची कुडुख भाषा आणि गडचिरोलीच्या माडिया-गोंडांची भाषा या एकाच द्राविडी कुळातल्या. साम्राज्यशाहीने या महाप्रयोगासाठी पहिला माणूस निवडला तो मध्य भारताच्या रानातला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याच्या पायाखालची जमीन आधी काढून घेतली जाते, तोच सर्वांत आधी जहाजात चढतो.

त्यानंतर सुमारे पाऊण शतक हा ओघ चालू राहिला. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख हिंदी मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. काही तेथेच राहिले, काही पुढे अन्य वसाहतींत धाडले गेले. बहुतेक कलकत्त्याहून व मद्रासहून गेले, तर काही मुंबई बंदरातून. रत्नागिरी, सातारा या बाजूंनी गेलेल्या या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे आहेत. त्यांच्या मंडळ्या आहेत, शाळांतून मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

पण उत्सवाच्या रोषणाईत कराराची कलमे झाकून जाता कामा नयेत. पहिल्या करारात पुरुषाची मजुरी महिना पाच रुपये होती, मुदत पाच वर्षांची होती. पुढे मळ्यांवर 'दुहेरी काटा'ची पद्धत रूढ झाली. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापायची. मुदत संपलेल्या मजुरालाही मोकळे हिंडता येऊ नये म्हणून १८६७ साली कायदा करण्यात आला. छायाचित्र लावलेला परवाना जवळ नसेल, तर भटक्या ठरवून त्याला तुरुंगात टाकण्याची सोय त्यात होती. या जुलमाविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला. तो लिहून देण्यास आदोल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपीय गृहस्थाने साहाय्य केले व त्यापायी मळेवाल्यांचा रोष पत्करला. त्या अर्जामुळेच १८७२ साली शाही चौकशी आयोग नेमणे ब्रिटिश सरकारला भाग पडले.

हा लढा केवळ तेथेच झाला नाही. ४ मार्च १९१२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत समूळ बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी सभासदांच्या बहुमताने तो फेटाळला गेला. गोखले समाजवादी नव्हते, परंतु अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने त्यांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती. ज्या करारात एका बाजूला भूक आणि दुसऱ्या बाजूला मळा व मॅजिस्ट्रेट असतात, तो करार सही असली तरी स्वेच्छेचा नसतो. पुढे १९१७ साली मजूर नेणे थांबवावे लागले.

भांडवलाचा परवाना

आता १९८२ च्या कराराकडे वळू. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी दोनदा कर घेऊ नये, हे तत्त्व वाजवी आहे. परंतु या करारात एक कलम असे होते, की मॉरिशसच्या रहिवासी कंपनीने भारतातील शेअर विकून नफा मिळविला, तर त्या नफ्यावर कर लावण्याचा अधिकार केवळ मॉरिशसला राहील. आणि मॉरिशस अशा भांडवली नफ्यावर कर आकारीत नव्हता. दोनदा कर लागू नये म्हणून केलेल्या कराराचा परिणाम एकदाही कर न लागण्यात झाला. पहिली दहा वर्षे याचा विशेष गाजावाजा झाला नाही. १९९१ नंतर भारताची दारे परकीय भांडवलाला खुली झाली, १९९२ साली मॉरिशसने अशा कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि मग न्यूयॉर्कचा, लंडनचा, प्रसंगी मुंबईचाच पैसा पोर्ट लुईतील एखाद्या कचेरीचा पत्ता घेऊन भारतात येऊ लागला. एप्रिल २००० पासून भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीच्या भागभांडवलापैकी सुमारे चौथा हिस्सा मॉरिशसच्या नावावर आहे. साडेबारा लाख लोकवस्तीच्या, ऊस पिकवणाऱ्या बेटावर एवढी संपत्ती निर्माण झाली, असे अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही म्हणणार नाही.

प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी या कंपन्यांचे खरे मालक कोण, अशी विचारणा सुरू केली, तेव्हा १३ एप्रिल २००० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढले. मॉरिशस सरकारने दिलेला रहिवासाचा दाखला हा पुरेसा पुरावा समजावा, असे त्यात बजावले होते. आझादी बचाओ आंदोलनाने हे परिपत्रक न्यायालयात नेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली ते रद्द केले. ऑक्टोबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. करारात दुरुस्ती झाली ती १० मे २०१६ रोजी, आणि शेअरवरील नफ्यावर भारतात कर लागू लागला तो १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवर. अगोदर घेतलेले सारे सुरक्षित राहिले. म्हणजे भांडवलाला एका दाखल्यावर चौतीस वर्षे अभय मिळाले, आणि ते संपवतानाही त्याला पूर्वसूचना, सवलतीचा काळ व जुन्या हक्कांचे संरक्षण देण्यात आले.

यात मॉरिशसच्या जनतेला दोष देण्याचे कारण नाही. केवळ उसावर जगणाऱ्या, मळेवाल्यांनी घडवलेल्या अर्थव्यवस्थेतून बाहेर पडण्याची त्या नवस्वतंत्र राष्ट्राची धडपड होती. तेथील श्रमिकाचे प्रश्नही संपलेले नाहीत. त्याच बेटावरच्या कापड कारखान्यांत बांगलादेश, मादागास्कर, भारत येथून मुदतीच्या करारावर मजूर नेले जातात. दोष आहे तो नात्याचे नाव पूर्वजांचे सांगून व्यवहार मात्र भांडवलाचा करणाऱ्या राज्यकर्त्यांचा.

प्राणहितेपलीकडची मजुरी

आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या मजुराकडे पाहू. भोजपुरी मजूर मॉरिशसला 'मिरिच देश' म्हणत. या दोन जिल्ह्यांतील मजूर आज ज्या देशी जातो, तो खरोखरच मिरचीचा आहे. धानाचे एकच पावसाळी पीक निघते. मळणी आटोपली की कोरडवाहू शेतकरी व भूमिहीन यांच्या हाताला काम उरत नाही. मग माघ-फाल्गुनात गोंडपिपरी, मूल, सिंदेवाही, राजुरा या चंद्रपूरच्या तालुक्यांतून आणि गडचिरोलीच्या गावागावांतून टोळ्या निघतात. राजुऱ्याच्या रस्त्याने किंवा सिरोंचाहून प्राणहिता-गोदावरी ओलांडून त्या तेलंगणातील वरंगळ, खम्मम या बाजूंच्या मिरचीच्या रानांत पोहोचतात. मुकादम अगोदर उचल देऊन ठेवतो. नवरा-बायको दोघे जातात, पुष्कळदा मुलेही. शाळेच्या हजेरीपटावर नाव राहते, मूल मात्र शेतावरच्या पालात असते. मजुरी वजनावर किंवा रोजावर. कित्येकदा तिचा काही भाग मिरचीच्याच रूपात दिला जातो. हातांची आग होते, डोळे चुरचुरतात, औषध फवारलेल्या झाडांत दिवसभर वाकून उभे राहावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत मोहफूल व तेंदूपत्त्याच्या हंगामासाठी ही माणसे परत येतात. हेच चक्र दर वर्षी फिरते.

किती माणसे जातात? कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या शेतावर, कोणत्या मजुरीने? जिल्हाधिकारी कचेरीत, कामगार आयुक्तांच्या दप्तरात, ग्रामपंचायतीच्या कपाटात या प्रश्नाचे उत्तर देईल अशी नोंदवही कार्यकर्त्याने शोधून पाहावी. पोर्ट लुईला १८४९ साली उभारलेल्या आणि २००६ साली जागतिक वारसा ठरलेल्या 'आप्रवासी घाटा'वर जो मजूर उतरला, त्याची नोंद मात्र आजही उपलब्ध आहे. नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज, मळा. पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरे जतन केली आहेत आणि सहाव्या-सातव्या पिढीचा वंशज तेथे जाऊन आपले मूळ गाव शोधू शकतो. साम्राज्याने ही नोंद मजुराच्या प्रेमाने ठेवली नव्हती. ती मळेवाल्याची मालमत्ता-नोंद होती. पण स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनी आपल्या मजुराची तेवढीही नोंद ठेवू नये, याला काय म्हणावे?

या बेदखलीची किंमत २०२० साली वसूल झाली. मार्चच्या अखेरीस चार तासांच्या सूचनेवर देश बंद करण्यात आला, तेव्हा मिरचीची तोडणी ऐन भरात होती. चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर तेलंगणात अडकले. मालकाने काम थांबवले, दुकाने बंद, वाहने बंद. माणसे जंगलवाटांनी, नदी ओलांडून, डोक्यावर गाठोडे व कडेवर मूल घेऊन गावाकडे चालू लागली. शेजारच्या बस्तरमधील विजापूर जिल्ह्याची बारा वर्षांची एक आदिवासी मुलगी अशाच एका टोळीबरोबर तेलंगणातील मिरचीच्या शेतावरून निघाली आणि एप्रिलमध्ये तीन दिवसांची पायपीट करून घराजवळ पोहोचता पोहोचता मरण पावली. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभेत विचारणा झाली की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले. कामगार मंत्रालयाने उत्तर दिले की असा तपशील ठेवला जात नाही. ज्याची जिवंतपणी नोंद नाही, त्याच्या मरणाची नोंद कोठून असणार?

कायद्याची घसरण

कोणी म्हणेल, कायदा नव्हता म्हणून असे झाले. कायदा होता. ओडिशातील मजुरांच्या 'दादन' प्रथेचे भीषण स्वरूप उघड झाल्यानंतर जनता राजवटीत, १९७९ साली, आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम संमत झाला. पाच किंवा अधिक परराज्यातील मजूर असतील तेथे तो लागू होता. मुकादमाने परवाना घ्यावा, प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, त्यात कामाचे ठिकाण व मजुरी लिहावी, घर सोडल्याबद्दल विस्थापन भत्ता व प्रवास भत्ता द्यावा, अशी त्याची तरतूद होती. हा कायदा कागदावरच राहिला, हे खरे. परंतु कागदावरचा हक्क हे लढ्याचे हत्यार असते. कार्यकर्ता तो कागद घेऊन तहसीलदाराच्या दारात उभा राहू शकतो. आता तो कागदही बदलला आहे. हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पाच मजुरांची मर्यादा दहावर गेली आणि विस्थापन भत्त्याची तरतूद गळाली. आठ-आठ जणांच्या टोळ्या करून दोन शेतांवर दाखविणे मुकादमाला काय कठीण आहे?

यावर सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले असते: ई-श्रम पोर्टल आहे. सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यानंतर २६ ऑगस्ट २०२१ रोजी ते सुरू झाले आणि कोट्यवधींची नावे त्यात आली. नाव नोंदवणे वाईट नव्हे. परंतु त्या नोंदीत मजुराने स्वतःविषयी सांगितलेली माहिती असते. त्याला कोणी, कोठे, कोणत्या अटीवर नेले याची जबाबदारी घेणारा मालक नसतो. मालकाविना मजुराची नोंद ही शिरगणती झाली, संरक्षण नव्हे. परदेशी जाणाऱ्या मजुरासाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे, 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नावाचा अधिकारी आहे. तो कायदाही अपुराच. पण समुद्र ओलांडणाऱ्याला निदान तक्रार करायला एक टेबल आहे. प्राणहिता ओलांडणाऱ्याला ते नाही.

सात पिढ्या आणि तीन पिढ्या

नात्याच्या या दुटप्पीपणाचे सर्वांत बोलके उदाहरण अजून सांगायचे आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असता घोषणा झाली की भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळू शकेल. राष्ट्रपती स्वतः संथाळ आदिवासी आहेत; १८३४ साली पहिले मजूर ज्या वनपट्ट्यातून गेले, त्याच्याच शेजारच्या मुलखातल्या. त्यांच्या मुखातून ही घोषणा व्हावी, हे उचितच होते. सात पिढ्यांनंतरही नाते तुटत नाही, हे तत्त्व उदात्त आहे.

मग हेच तत्त्व चंद्रपूर-गडचिरोलीत का लागू होत नाही? २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींवर अट घातली, की १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तेथे वास्तव्य असल्याचे सिद्ध करावे. याचा अर्थ १९३० सालापासूनचा पुरावा द्यावा. या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या रानाकाठी राहणारा ढिवर, माळी, दलित हा पुरावा कोठून आणणार? त्याच्या आजोबाने जंगल तोडून बांधी केली, तेव्हा तलाठ्याने त्याची पावती फाडली नव्हती. कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी कथनही पुरावा म्हणून मान्य आहे. तरी कचेरी कागदच मागते व दावे नामंजूर होतात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर नामंजूर दावेदारांना जंगलातून काढण्याचाच आदेश दिला होता. देशभर असंतोष उसळल्यावर २८ फेब्रुवारीला तो स्थगित झाला. समुद्रापारच्या माणसाची सातवी पिढी सरकारला दिसते, रानातल्या माणसाची तिसरी पिढी दिसत नाही. मॉरिशसच्या कंपनीचा एक दाखला पुरेसा ठरतो, गावच्या म्हाताऱ्याची साक्ष ठरत नाही.

महाराष्ट्र शासनाचीही वेगळी कथा नाही. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते मॉरिशसमध्ये शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तेथील मराठी बांधवांच्या आनंदात सर्वांनी सहभागी व्हावे. पण तेच तेव्हा गडचिरोलीचे पालकमंत्रीही होते. दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेल्या मराठी मजुरांच्या पणतवंडांना भेटणाऱ्या पालकमंत्र्यांनी त्याच हंगामात प्राणहितेपलीकडे मिरची तोडणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील मजुरांची विचारपूस केली असती, तर ते त्या पदाला अधिक शोभले असते.

आक्षेपांना उत्तर

या तुलनेवर आक्षेप येतील. पहिला असा, की गिरमिट ही गुलामगिरी होती, तर मिरची तोडायला माणूस स्वखुशीने जातो, हवे तेव्हा परत येतो. फरक आहेच, मिरचीच्या शेतावर दुहेरी काटा नाही, परवान्यासाठी तुरुंग नाही. पण उचल घेतलेला मजूर हंगाम अर्धवट सोडू शकतो काय? परमुलखात, परभाषेत, मजुरी बुडाली तर तो कोणाकडे दाद मागतो? गोखल्यांनी १९१२ साली विचारलेला प्रश्न सहीचा नव्हता, पर्यायाचा होता. तो आजही तसाच उभा आहे.

दुसरा आक्षेप विकासवाद्यांचा: एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकडीवर लोहखनिज निघत आहे, पोलाद उद्योग येत आहेत, मग स्थलांतर आपोआप थांबेल. ३४८ हेक्टरांच्या या खाणपट्ट्याची उत्खननमर्यादा २०२३ साली वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेली गेली. काही तरुणांना तेथे नोकऱ्या मिळाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चंद्रपूरचा इतिहास डोळ्यांसमोर आहे. कोळसा, कागद, सिमेंट, वीज हे सारे त्या जिल्ह्यात शतकभर येत राहिले, तरी त्याच जिल्ह्यातील मजूर आजही मिरचीला जातो. खनिज टनांनी मोजले जाते, वीज मेगावॅटांनी; उठून गेलेली माणसे मोजण्याचे एकक सरकारने ठरवलेलेच नाही.

तिसरा आक्षेप मित्रपक्षातूनच येईल व तो सर्वांत विचारात घेण्याजोगा आहे: नोंदवही म्हणजे पाळत. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे आदिवासी माणूस एका बाजूने बंदुकीच्या व दुसऱ्या बाजूने संशयाच्या छायेत अनेक वर्षे जगला, तेथे कोण कोठे गेला याची यादी पोलीस ठाण्यात जाणे धोक्याचे आहे. मॉरिशसचा १८६७ चा परवाना हाच इशारा देतो. म्हणूनच नोंद कोणाच्या हाती, हा कळीचा प्रश्न आहे. ती मालकाच्या वा पोलिसांच्या हाती असेल तर बेडी होते. मजुरांच्या स्वतःच्या संस्थेच्या हाती असेल तर साक्ष होते. १८७१ चा अर्ज ९,४०१ सह्यांचा होता, म्हणून शाही आयोग आला. संख्या मजुरांनी स्वतः जमवली होती.

करावयाचे काम

अशी संस्था या जिल्ह्यांत अस्तित्वात आहे. ती म्हणजे ग्रामसभा. १९९६ च्या पेसा कायद्याने व महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला व २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली हजार हेक्टरांवर जंगलाचा हक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूची कटाई व विक्री स्वतः केली आणि पोटासाठी परमुलखी जाणे मोठ्या प्रमाणात थांबले. स्थलांतराचे खरे औषध जंगलावरील मालकीत आहे, हे या गावांनी प्रयोगाने सिद्ध केले. परंतु प्रत्येक गाव मेंढा वा पाचगाव होईपर्यंत दर वर्षी हजारो माणसे नदी ओलांडणार आहेत. त्यांना वाऱ्यावर सोडून चालणार नाही.

म्हणून दोन मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, महाराष्ट्र व तेलंगण या राज्यांत श्रमिकांविषयी लेखी करार व्हावा. अशक्य काही नाही. २३ ऑगस्ट २०१६ रोजी याच दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी मुंबईत प्राणहिता, गोदावरी व पैनगंगेच्या पाण्यावर करार केले. त्यातील मेडीगड्डा धरणाच्या पाण्याखाली सिरोंचा तालुक्यातील शेतजमिनी जातात, हा त्या कराराचा येथल्या शेतकऱ्याला आलेला अनुभव. पाण्यासाठी करार होतो, भांडवलासाठी होतो, तर मजुरीचा दर, बुडीत मजुरीची वसुली, रेशन, दवाखाना व मुलांची शाळा यांसाठी का होऊ नये? दुसरी मागणी, मजुरांची संख्या कितीही असो, उचल देऊन राज्याबाहेर टोळी नेणाऱ्या प्रत्येक मुकादमाने ग्रामसभेपुढे येऊन शेतमालकाचे नाव, गाव व ठरलेली मजुरी लिहून द्यावी आणि तो लेख कायद्याने पुरावा मानला जावा.

सरकार या मागण्या मान्य करीपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. धानाची मळणी संपण्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात ग्रामसभा बोलवावी, एक साधी वही घालावी, आणि निघणाऱ्या प्रत्येक टोळीचे नाव, ठिकाण, मुकादम व उचलीची रक्कम तीत मजुरांसमक्ष लिहावी. वही ग्रामसभेच्या पेटीत राहावी, ठाण्यात नव्हे. टोळ्या परत आल्यावर कोणाची मजुरी किती बुडाली, कोण आजारी पडला, कोणते मूल परीक्षेला मुकले, हे त्याच वहीत लिहून घ्यावे. पन्नास गावांच्या वह्या एकत्र घेऊन कामगार आयुक्तांच्या कचेरीवर जाता येईल. तपशील ठेवला जात नाही, असे उत्तर मग कोणत्याही मंत्रालयाला या दोन जिल्ह्यांविषयी देता येणार नाही.